पोळे दिसले की घाई, डंख बसला की उशीर

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर आरोग्यविषयक एखादा माहितीपर लेख देण्याचा प्रघात आहे. सर्पदंश, विंचूदंश, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा हे विषय अशा लेखांतून वरचेवर येतात, आणि ते यायलाच हवेत. या वेळी मात्र ज्या दंशाकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहत नाही, तो मुद्दाम निवडला आहे. हा दंश म्हणजे गांधीलमाशीचा आणि तिच्या भावकीतल्या इतर माश्यांचा. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत कौलांखाली, गोठ्याच्या आढ्याला, बंद खोलीच्या खिडकीत किंवा परसातल्या लिंबाच्या झाडावर कधीच पोळे लागले नाही असे घर विरळाच. लहानपणी एकदाही गांधीलमाशी चावली नाही असा माणूसही शोधावा लागेल. दुखणे इतके ओळखीचे आहे, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

खरे तर याला दुर्लक्ष म्हणण्यापेक्षा उलटापालट म्हणणे अधिक योग्य ठरेल. पोळे दिसले की माणसे घाई करतात. कोणी पलिता पेटवतो, कोणी काठी घालतो, मुले दगड मारतात. आणि डंख बसला की उशीर करतात. चुना लावला जातो, लोखंड घासले जाते, सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. वास्तविक पोळ्याच्या बाबतीत थांबण्याला बहुतेक वेळा वाव असतो, आणि डंख बसलेल्यांपैकी काही थोड्या रुग्णांपाशी मात्र पाव तासही नसतो. हे थोडे रुग्ण ओळखायचे कसे आणि पोळ्याचे करायचे काय, या दोन प्रश्नांपुरताच हा लेख आहे.

कोणती माशी, कोणते घर

गांधीलमाशी हे एकच नाव आपण निरनिराळ्या माश्यांना देतो. त्यांच्यातला भेद ठाऊक असला तर निम्मी भीती कमी होते आणि उरलेली निम्मी योग्य जागी राहते.

सर्वांत परिचित ती लांबट, तांबूस तपकिरी, सडपातळ कमरेची माशी. उडताना तिचे पाय खाली लोंबकळतात. तिचे पोळे कागदी असते. कुंपणाचे जुने खांब, वाळके वासे यांचा पृष्ठभाग खरवडून, तो लाळेत मळून ती कागद तयार करते आणि एका बारीक देठावर उलट्या छत्रीसारखे, उघड्या घरांचे पोळे टांगते. मुंग्यांनी वर चढू नये म्हणून त्या देठाला ती स्वतःच्या अंगातला एक स्राव फासते. या गटातील रोपॅलिडिया मार्जिनॅटा ही माशी दक्षिण भारतात आणि महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक राघवेंद्र गडगकर यांनी अनेक दशके तिचा अभ्यास केला असून त्यांचा तिच्यावरील इंग्रजी ग्रंथ २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. राणी गेली तर तिच्या जागी कोण येणार, हे पोळ्यातल्या माश्यांना बहुधा आधीच ठाऊक असते, असे त्यांच्या गटाच्या प्रयोगांतून दिसून आले. ज्या पोळ्यावर आपण बिनदिक्कत झाडू फिरवतो, त्यात वारसाहक्काचा प्रश्न आपल्या अनेक घराण्यांपेक्षा अधिक शांतपणे सुटतो, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरी मोठी गांधीलमाशी. ती आकाराने ठसठशीत, अंगाने काळी आणि पोटावर पिवळा किंवा नारिंगी पट्टा असलेली असते. हिचे पोळे उघडे नसते. करड्या, लाटालाटांच्या कागदी आवरणात ते झाकलेले असते आणि आवरणाला ये-जा करण्यासाठी भोक असते. कधी ते झाडावर किंवा झुडपात असते, कधी झाडाच्या ढोलीत, कधी जमिनीतल्या बिळात. पावसाळ्यानंतर ते एखाद्या घागरीएवढे होऊ शकते. या मोठ्या माश्यांतील एक जात तर लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांच्या अळ्याच पळवते. घराच्या अगदी जवळ असे झाकलेले पोळे दिसले तर ती गोष्ट गांभीर्याने घ्यावी.

तिसरी कुंभारीण. ओसरीच्या भिंतीवर, दाराच्या चौकटीत, देवळाच्या कोनाड्यात मातीची मडकी किंवा नळकांडी घडवणारी ही माशी एकटी राहते. तिला राखायला सैन्य नसते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. हातात दाबली गेली तरच ती डंख मारील. वेदान्तात आणि संतवाङ्मयात भृंगकीटन्यायाचा दृष्टान्त येतो. कुंभारीण अळीला आणून घरट्यात कोंडते, अळी भयाने तिचेच ध्यान करीत राहते आणि अखेर स्वतः तद्रूप होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त आहे. दृष्टान्त म्हणून तो सुंदर आहे, पण प्राणिशास्त्र इतके हळवे नाही. डंखाने लुळी केलेली अळी किंवा कोळी हा कुंभारणीच्या पिल्लाचा शिधा असतो, आणि मडके फोडून बाहेर येते ते त्या शिध्यावर पोसलेले तिचेच पिल्लू. कुंभारणीचे घरटे काढायचे तर सवडीने खरवडून काढावे. न काढले तरी काही बिघडत नाही.

याशिवाय मधमाश्या आहेतच. ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी आणि झुडपात लहानसे एकच पोळे बांधणारी फुलोरी या तुलनेने सौम्य. आग्या मोहोळाची गोष्ट निराळी. सह्याद्रीचे कडे, उंच सावरीची झाडे, पाण्याच्या टाक्या, पुलांच्या कमानी येथे हात-दोन हात लांबीचे उघडे मोहोळ लोंबते. ते एकदा उठले की हजारो माश्या कित्येकशे मीटर पाठलाग करतात. ‘आग्या मोहोळाला दगड मारणे’ हा वाक्प्रचार अनुभवातूनच आलेला आहे. शिवनेरी किल्ल्यावर पर्यटकांवर मधमाश्यांनी हल्ला केल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. मार्च २०२५ मध्येही अशी घटना घडली. माहुली, गोरखगड, सिद्धगड किंवा नाणेघाटाच्या वाटेला लागणाऱ्या तरुणांनी कड्याखाली आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तरे टाळावीत.

पोळे काढण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा विचारावा, की हे पोळे काढायलाच हवे का? गांधीलमाशी आपल्या पिल्लांना अळ्या आणि किडे खाऊ घालते. वांगी, भेंडी, कोबी यांवरच्या कितीतरी अळ्या परसबागेतून ती रोज उचलून नेते. तिच्याच दूरच्या नात्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी माश्यांची ‘ट्रायकोकार्डे’ भातावरील खोडकिड्यासाठी शेतकरी शेतात लावतात. औदुंबराच्या उंबरात शिरून परागसिंचन करणारी इवलीशी माशीही याच कुळातली. ती नसेल तर उंबराला बी धरणार नाही. या लहानग्या माश्या माणसाला डंख मारीत नाहीत. सांगायचे इतकेच, की हे कुळ एकंदरीत शेतकऱ्याच्या बाजूचे आहे.

म्हणून जे पोळे शेताच्या बांधावर, उंच फांदीवर किंवा माणसांचा वावर नसलेल्या जागी आहे, ते तसेच राहू द्यावे. त्याखाली शेणी, लाकडे किंवा पेंढा रचू नये, तेथून वाट असेल तर ती थोडी वळवावी, घरातल्या मुलांना जागा दाखवून ठेवावी. दाराची चौकट, जिना, शौचालय, शाळेचा व्हरांडा, अंगणवाडी, पाण्याचा नळ, गुरे बांधण्याची जागा येथले पोळे मात्र काढावे. ज्या घरात पूर्वी कोणाला डंखाने चक्कर आली किंवा धाप लागली असेल, तेथे अंगणातले कोणतेही पोळे काढून टाकणे इष्ट.

काढण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे पोळे नखाएवढे असताना. तेव्हा त्यावर एखाद-दुसरीच माशी असते. लांब काठीने ते पाडले आणि पुढचे काही दिवस ती जागा स्वच्छ ठेवली, तर बहुधा काम संपते. कौले शाकारताना, पत्र्याखालच्या फटी बुजवताना, बंद घराची खिडकी महिन्यांनंतर उघडताना आधी वर पाहण्याची सवय हवी. आपल्या भागात शनिवार-रविवारपुरती उघडणारी बरीच घरे झाली आहेत. त्यांच्या पडद्यांमागे, वातानुकूलन यंत्रांच्या पेट्यांत आणि मीटरच्या कपाटांत पोळी निवांत वाढतात, आणि दार उघडणारा पहिला हात बहुधा राखणदाराचा किंवा कामवाल्या बाईंचा असतो.

हाताच्या तळव्याएवढे उघडे कागदी पोळे जाणत्या माणसाने काढायला हरकत नाही, पण ते अंधार पडल्यावर. तेव्हा सर्व माश्या पोळ्यावर असतात आणि गारव्याने मंदावलेल्या असतात. अंगभर जाड कपडे, डोक्याभोवती उपरणे, पायांत बूट असावेत. या माश्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा. पांढऱ्या प्रकाशाच्या झोतावर त्या थेट धावून येतात. घरगुती कीटकनाशकाचा फवारा दुरून मारावा आणि पोळे दुसऱ्या दिवशी काढून पुरावे. शेतात फवारायची औषधे या कामी घरात कधीही आणू नयेत. त्यांची बाधा माशीच्या डंखापेक्षा कितीतरी वाईट असते. शिडीवर चढून हे काम करू नये, कारण डंख बसला की माणूस हात सोडतो, आणि मग डंख बाजूला राहून खुब्याचे हाड मोडल्याबद्दल उपचार करावे लागतात.

पलित्याविषयी वेगळे सांगणे भाग आहे. पेंढा, कारवीचा कूड आणि वाळलेले वासे यांच्या शेजारी पेट्रोल ओतून आग लावण्याने माश्या काही मरतात, काही चवताळतात, आणि घर मात्र धोक्यात येते. झाकलेल्या मोठ्या पोळ्याला आणि आग्या मोहोळाला घरच्या माणसाने हात लावूच नये. ज्या शहरांत अग्निशमन दल आहे तेथे त्याची मदत मिळते. गावात वन विभागाचे कर्मचारी, अनुभवी मध काढणारे ठाकूर-कातकरी बांधव किंवा कीटकनियंत्रणाचे काम करणारे लोक यांना बोलवावे आणि त्यांना त्यांच्या कामाचे दाम द्यावे. ते आपला जीव धोक्यात घालतात, हे विसरू नये. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आग्या मोहोळाचा मध माश्या न मारता, संरक्षक पोशाख घालून काढण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. भिंतीत सातेरी शिरली असेल तर मधपाळ ती जिवंत पेटीत घेऊन जातात, आणि हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा ठरतो.

गवत आणि भात कापण्याच्या दिवसांत, आश्विन-कार्तिकात, झुडपातली पोळी सर्वांत मोठी झालेली असतात. विळा घालण्यापूर्वी कडेची झुडपे लांब काठीने हलवून दोन मिनिटे थांबावे. एकाच ठिकाणी माश्यांची ये-जा दिसली तर तेवढा तुकडा सोडावा. ताडीच्या भांड्यात, शीतपेयाच्या डब्यात, फणसाच्या गऱ्यात माशी बसलेली असते हेही ध्यानात असावे. तोंडात किंवा घशात बसलेला एकच डंख सुजेने श्वास कोंडू शकतो.

माश्या उठल्याच, तर हात झाडीत उभे राहू नये. तोंड आणि डोळे कपड्याने झाकून सरळ पळावे आणि घरात किंवा गाडीत शिरून दार लावावे. पाण्यात उडी मारण्याचा उपाय सिनेमात बरा. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत वाट पाहतात. डंख मारलेल्या मधमाशीच्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो इतर माश्यांना त्याच जागी बोलावणारा इशारा असतो. म्हणून जागा सोडण्यात विलंब करू नये.

नांगीत काय असते

डंख फक्त माद्या मारतात, कारण नांगी हे मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असल्याने ती कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसह तुटून तेथेच राहते. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही, म्हणून तीच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. अडकलेली नांगी पत्त्याच्या कडेने खरवडून काढावी, चिमट्याने काढू नये, असे पूर्वी सांगत असत. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवले, की कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचे. पिशवीतले विष अर्ध्या-एक मिनिटात रिकामे होते. तेव्हा पत्ता शोधीत बसू नये, नखाने काढून टाकावी.

मधमाशीचे विष आम्लधर्मी, म्हणून त्यावर चुना, आणि गांधीलमाशीचे अल्कधर्मी, म्हणून त्यावर लिंबू किंवा चिंच, असा एक हिशेब शाळेपासून आपल्या मनात बसलेला असतो. तो खरा नाही. दाह होतो तो विषातील प्रथिनांमुळे आणि इतर रसायनांमुळे, आणि ती कातडीच्या खाली गेलेली असतात. वरून लावलेला चुना तेथवर पोहोचत नाही. उलट कातडी भाजते. माती किंवा शेण लावण्याने जखम दूषित होते. जागा साबणाने धुवावी, गार पाण्याची घडी ठेवावी, वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे. हाताला डंख असेल तर अंगठी आणि बांगड्या, पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण ताबडतोब उतरवावेत. सूज चढल्यावर ते कापून काढावे लागतात. सूज दुसऱ्या दिवशी वाढते आणि मग उतरते. बहुसंख्य रुग्णांची गोष्ट येथेच संपते.

पाव तासाचा प्रश्न

उरलेल्या थोड्या रुग्णांत धोका दोन वाटांनी येतो, आणि या दोन वाटांची घड्याळे निराळी आहेत.

पहिली वाट तीव्र ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची. येथे विषाच्या मात्रेला महत्त्व नाही. एक डंख पुरतो. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए कुत्र्यांना समुद्रफुलाच्या विषाची सवय लावू पाहत होते. पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने काही मिनिटांत मेला. पहिल्या वेळेने शरीराला सवय लागण्याऐवजी शरीर बिथरले होते. या प्रकाराला त्यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले आणि रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘याला पूर्वी कितीदा चावली, कधी काही झाले नाही’ हे नातेवाइकांचे वाक्य म्हणूनच आधार देणारे नाही.

लक्षणे डंखाच्या जागेपासून दूर दिसतात, हीच ओळखीची खूण. सर्वांगावर गांध्या उठतात, ओठ आणि डोळे सुजतात, आवाज बसतो, घसा दाटतो, धाप लागते, उलटी होते, पोटात कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. कधी अंगावर गांधीही नसते आणि माणूस एकदम कोसळतो. ब्रिटनमधील ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कीटकदंशाने दगावलेल्यांच्या बाबतीत डंखापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ सुमारे १५ मिनिटे आढळला. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून शहापूरला किंवा माळशेजच्या पायथ्यावरून मुरबाडला पोहोचायला, वाहन दारात उभे असले तरी, यापेक्षा जास्त वेळ लागतो. या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

यावरचे औषध एकच आहे, आणि ते म्हणजे ॲड्रिनलिन. ते रक्तवाहिन्या आवळून दाब सावरते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि हृदयाला बळ देते. प्रौढ माणसाला नेहमीच्या कुपीतले अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या स्नायूत देतात. मुलांना वजनाप्रमाणे कमी. गरज पडल्यास ते पाच मिनिटांनी पुन्हा देतात. कुपीची किंमत काही रुपये. गावाकडे अशा वेळी एव्हिल आणि डेक्साचे इंजेक्शन देऊन रुग्णाला झोपवून ठेवण्याची पद्धत आहे. ती औषधे खाज आणि सूज कमी करण्यापुरती ठीक, पण जीव वाचवण्याच्या कामी ती ॲड्रिनलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

कोविडच्या लसीकरणात, २०२१ मध्ये, लस टोचल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवीत असत, ते याच ॲनाफिलॅक्सिसच्या शंकेने. लसीकरणाच्या सत्रात आरोग्यसेविकेपाशी जी तातडीची पेटी असते, तिच्यात ॲड्रिनलिन असते. म्हणजे हे औषध तालुक्याच्या गावीच मिळते असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असायलाच हवे, आणि अशा रुग्णाला दूरच्या मोठ्या रुग्णालयात नेण्याच्या वाटेवर सर्वांत जवळच्या केंद्रात आधी थांबवणे हे वेळ घालवणे नव्हे. ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत एकदा हा प्रश्न विचारून ठेवावा, की आपल्या गावापासून सर्वांत जवळची ॲड्रिनलिनची कुपी कोठे आहे, आणि रात्री ती देणारे कोण आहे? राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. तिला बोलावताना ‘माशी चावली’ एवढेच न सांगता ‘धाप लागली आहे’ किंवा ‘शुद्ध हरपते आहे’ असे स्पष्ट सांगावे.

रुग्णाला नेण्याच्या रीतीबद्दलही लिहिणे आवश्यक वाटते. पाड्यावरून रुग्ण येतो तो बहुधा मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये ताठ बसवलेला. दाब घसरलेल्या माणसाला उभे करणे किंवा ताठ बसवणे घातक ठरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि क्षणात प्राण जाऊ शकतो. त्याला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. फार धाप असेल तर पाठीला टेकू देऊन अर्धवट बसवावे. जीप, टेम्पो, मिळेल ते आडवे झोपवता येण्याजोगे वाहन घ्यावे. तेही नसेल आणि मोटारसायकलच असेल, तर रुग्णाला न हलवता औषध देणाऱ्यालाच मोटारसायकलवरून आणता येते का, ते आधी पाहावे.

काळ्या लघवीची खूण

दुसरी वाट अनेक डंखांची. येथे ॲलर्जी नसली तरी विषाची एकूण मात्राच जास्त होते. मधमाश्यांच्या बाबतीत शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १९ डंख हे घातक प्रमाण मानतात. त्या हिशेबाने धडधाकट माणसाला हजाराच्या आसपास, पण दहा किलोच्या बालकाला दोनशेही पुरेत. मोठ्या गांधीलमाशीच्या बाबतीत हा आकडा बराच खाली येतो. काही डझन डंखांनीही मूत्रपिंडे बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. चीनच्या शान्शी प्रांतात २०१३ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत चाळीसहून अधिक माणसे दगावली आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाली. तेथली एक राक्षसी जात आपल्या सह्याद्रीत नाही, पण विषाची रीत तीच.

विष रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते, स्नायूंचे तंतू विरघळवते, आणि तो सगळा गाळ मूत्रपिंडांत अडकतो. हे घड्याळ मिनिटांचे नसून दिवसांचे आहे. हल्ल्याच्या दिवशी माणूस थकलेला पण बरा दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, मग कमी होते, अंगावर सूज येते. ‘आता उतार पडतो आहे’ असे समजून घरी ठेवलेला रुग्ण याच टप्प्यावर हातचा जातो. प्रौढाला वीस-पंचवीसहून अधिक किंवा लहान मुलाला दहाहून अधिक डंख बसले असतील, तर तो कितीही बरा दिसला तरी रुग्णालयात आणावा. वेळेत शिरेवाटे द्रव दिले, रक्त आणि लघवीच्या तपासण्या रोज केल्या तर बरेचदा पुढचे संकट टळते. मूत्रपिंडे थांबलीच तर काही आठवडे डायलिसिस लागते. नंतर ती बहुधा पूर्ववत काम करू लागतात. जन्मभराच्या डायलिसिसच्या धास्तीने नातेवाईक उपचार सोडून रुग्णाला घरी नेऊ पाहतात. त्यांना हा फरक सांगण्यात आमच्या परिचारिकांचा बराच वेळ जातो, आणि तो सार्थकी लागतो.

‘सापाची लस आहे, मग याची का नाही?’ असे अनेकदा विचारले जाते. सापाच्या विषावर प्रतिविष मिळते. लाल विंचवाच्या दंशावर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग जगापुढे मांडला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. माश्यांच्या विषावर मात्र आपल्याकडे वापरता येईल असे प्रतिविष नाही. जे आहे ते म्हणजे ॲड्रिनलिन, शिरेवाटे द्रव, प्राणवायू आणि जागरूक देखरेख. ॲनाफिलॅक्सिसमधून सावरलेला रुग्णही काही तासांनी पुन्हा ढासळू शकतो. म्हणून ‘आता तर हसतोय, सोडा की’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांना आम्ही थांबवून ठेवतो, ते खाटा भरण्यासाठी नव्हे.

अशा रुग्णाला घरी सोडताना एक चिठ्ठी दिली जाते. तिच्यावर डंखाची तारीख, काय झाले आणि कोणते औषध लागू पडले हे लिहिलेले असते. ती देव्हाऱ्यातल्या डब्यात न ठेवता खिशात, पाकिटात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या ॲड्रिनलिनचा परिणाम कमी करतात, तेव्हा रोजच्या गोळ्यांचे पाकीटही डॉक्टरांना दाखवावे. आणि शेतावर जाताना, निदान कापणीच्या दिवसांत, एकट्याने जाऊ नये.